ओळंब्याचं अर्धं शेत

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ उभी राहतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन टांगून सोडतो, तो ओळंबा. नावही एका गवंड्यानेच ठेवलं होतं. चहाच्या दुकानाच्या बाकावर बसून समोरच्या नांगरलेल्या शेताकडे बघत तो एकदा म्हणाला, "हा गडी ट्रॅक्टरवर बसून जी रेघ मारतो ना, ती मला दोरी लावूनसुद्धा जमत नाही. ओळंबा आहे नुसता!" झालं. नाव चिकटलं ते चिकटलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव मग दवाखान्याच्या चिठ्ठीवर आणि ट्रॅक्टरच्या कागदांवर तेवढं उरलं.

दुसऱ्यांची शेतं नांगरून देणं हा त्याचा धंदा. तीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही आणि दुसरं काही करावंसं त्याला वाटलंही नाही. सरळ नांगरायचं गुपित कुणी विचारलं तर तो खुशाल सांगायचा. शेताच्या त्या टोकाला एक खूण धरायची, झाड म्हणा, दगड म्हणा, आणि तिच्यावरची नजर हलू द्यायची नाही. मागे वळून बघायचं नाही. मागे बघितलं की हात वळतो आणि हात वळला की रेघ गेली.

पहाटेचं धुकं असलं की त्याला ते काम फार आवडे. खाली इंजिनाची घरघर, समोर धूसर झालेलं झाड, नाकात ताज्या उलटलेल्या मातीचा वास. हळूहळू त्याची अर्धी तंद्री लागायची. हात-पाय आपले काम करत राहायचे आणि मन लहानपणी जाऊन बसायचं. वडील नांगरत आहेत, तो आणि ताई बांधावर पाय सोडून बसलेत, वडिलांच्या मागून पांढऱ्या बगळ्यांची रांग चालली आहे आणि ताई बोटांवर बगळे मोजते आहे. वडील म्हणत, "जमीन उघडली की श्वास घेते." ते वाक्य तो मनात धरूनच म्हातारा व्हायला निघाला होता. रात्री झोपेतही त्याची नांगरट चालूच असे. क्लच म्हणून तो बायकोची नडगी दाबायचा. "अहो, शेत संपलं की सांगा," ती कूस बदलत म्हणायची, "म्हणजे मलाही जरा झोपता येईल."

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत ढकललं आणि शाळेतून पळून आला तेव्हा कान धरून परत नेलं. ती कपडे शिवायची. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला लावलेली कापायची मेजं, खडूचे तुकडे, आणि फळीवर बटणांनी भरलेल्या काचेच्या बरण्या. त्याच खिडकीतून तिचं शेत दिसायचं. नवऱ्यामागे तिच्या वाट्याला आलेलं ते उताराचं शेत खाली ओढ्यापर्यंत उतरत गेलं होतं. दर वर्षी पेरणीआधी ओळंबा ते नांगरून द्यायचा. हा त्याचा मान होता. बहिणीच्या शेतात त्याची रेघ इतर ठिकाणच्यापेक्षाही सरळ पडायची.

मग एका वर्षी तिने त्याला घरी बोलावलं. मेजावर दोन बरण्या पाण्याने भरून ठेवलेल्या. बटणं कुठे गेली म्हणून तो बघत होता, तोवर तिने दोन सुकी ढेकळं त्याच्यासमोर धरली.

"हे बांधावरचं. तिथे कधीच नांगर लागलेला नाही. आणि हे शेतातलं, तू नांगरतोस तिथलं."

"बरं मग?"

तिने दोन्ही ढेकळं एकेका बरणीत अलगद सोडली. बांधावरचं ढेकूळ तळाशी बसलं, त्यातून बारीक बुडबुडे निघाले आणि ते तसंच बसून राहिलं. शेतातल्या ढेकळाचं मात्र बघता बघता पीठ झालं. पाणी गढूळ झालं, इतकं की पलीकडची खिडकी दिसेना.

"ताई, ढेकळांना आंघोळ घालून काय मिळणार आहे?"

"ओढ्याला पाणी येतं तेव्हा त्याचा रंग बघितलास कधी? तो माझ्या शेताचा रंग आहे." मग ती मशीनवरच्या सदऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा मी दर वर्षी उसवला आणि दर वर्षी शिवला तर किती दिवस टिकेल? मातीचीही वीण असते रे. मुळं, गांडुळं, बुरशी, सगळ्यांनी मिळून घातलेली. ती उसवायची नाही असं ठरवलंय मी."

"म्हणजे मी उसवतो?"

"तू सरळ उसवतोस, एवढंच."

तिने हे हसून म्हटलं, पण त्याला ते झोंबलं. न्हाव्याच्या बहिणीनेच न्हाव्याला केसाला हात लावू देऊ नये, तशी ही गोष्ट. चहा न पिता तो निघाला.

त्यानंतर तीन वर्षं ताईने शेतात नांगर येऊ दिला नाही. मक्याची कणसं काढून घ्यायची, ताटं तिथेच आडवी पाडायची, मुळं जमिनीत तशीच ठेवायची. दोन पिकांच्या मधल्या काळात जमीन उघडी राहू नये म्हणून रानवाटाणा पेरायचा आणि त्याला फुलं आली की विळ्याने जमिनीलगत कापून तिथेच अंथरायचा. पेरणी म्हणजे त्या आच्छादनात काठीच्या टोकाने भोक पाडायचं, बी सोडायचं आणि टाचेने दाबायचं. पहिल्या वर्षी पीक विरळ आलं आणि तण उदंड. दुसऱ्या वर्षी उंदरांनी वाळल्या ताटांखाली संसार थाटले. चहाच्या दुकानात चर्चेला ऊत आला. "ओळंब्याच्या सख्ख्या बहिणीचं शेत बघा, आठ दिवस न विंचरलेलं डोकं!" तो खाली मान घालून चहा फुंकत बसायचा. बहिणीला हसतात याचं त्याला वाईट वाटायचं, आणि त्या हसण्यात आपणही आहोत याचं जास्त. ताईशी बोलणं सुटलं नव्हतं. पण शेताचा विषय निघाला की दोघंही हवापाण्यावर बोलू लागायची.

चौथ्या वर्षी ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू बराच पिकला होता. सुईत दोरा ओवायला ती शेजारणीला हाक मारू लागली होती. ऑपरेशनसाठी तिला मोठ्या शहरात मुलीकडे दहा दिवस राहायचं होतं. जाताना तिने घराची किल्ली भावाच्या हातावर ठेवली.

"कुंड्यांना पाणी घाल. शेताकडे बघू नकोस."

"नाही बघत."

आता खिडकीशी उभं राहून कुंड्यांना पाणी घालायचं आणि खिडकीबाहेर बघायचं नाही, हे कुणाला जमलंय? पहिल्या दिवशी त्याने बघितलं. दुसऱ्या दिवशीही बघितलं. मक्याची आडवी ताटं, त्यातून वर आलेला रानवाटाणा, त्यात घुसलेलं तण. त्याला वाटलं, बिचारीला दिसतच नव्हतं. तीन वर्षं डोळ्यांवर पडदा होता, म्हणून तिला हे चालून गेलं. आता पट्टी सुटेल, ती या खिडकीशी येईल आणि हा सगळा पसारा तिला पहिल्यांदा नीट दिसेल. किती वाईट वाटेल तिला! त्यापेक्षा पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा दिसू दे ते लख्ख नांगरलेलं काळं शेत, वरपासून खालपर्यंत सरळ. या विचाराने त्याचा ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू, ओळंब्याने जे केलं ते निव्वळ मायेपोटी केलं. मायेपोटी माणूस जेवढं नुकसान करतो तेवढं वैऱ्याच्याही हातून होत नाही, पण हे त्याला तेव्हा कुणी सांगायचं?

तिसऱ्या दिवशी पहाटे तो ट्रॅक्टर घेऊन गेला. धुकं होतंच. वरच्या बांधावरच्या दोन दगडांमधून खाली ओढ्याकाठच्या वाकड्या झाडावर त्याने नजर लावली आणि नांगर टेकवला. फाळ मातीत शिरला आणि त्याला पहिला धक्का बसला. ट्रॅक्टर दमला नाही. दर वर्षी इथे इंजिन कण्हायचं. आज फाळ असा आत गेला, जणू लोण्यात सुरी. "तण माजलं म्हणून काय झालं, हात माझाच आहे," असं म्हणून त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली.

नांगराच्या फाळाने जमिनीत जी खोल रेघ पडते तिला तास म्हणतात. एक तास, दुसरं तास. वर, खाली, वर, खाली. धुक्यात झाड तरंगत होतं. इंजिनाच्या घरघरीने त्याची तंद्री लागली आणि तो नेहमीसारखा बांधावर ताईशेजारी जाऊन बसला. वडील नांगरत होते. बगळे वडिलांच्या मागून येत होते. त्यांच्या पंखांची फडफड ऐकू येत होती, आणि आज ती फारच जवळून ऐकू येत होती. एक, दोन, पाच, ताई मोजत होती, बारा, वीस. मग त्याला हळूहळू उमगलं, की ही फडफड स्वप्नातली नाही.

तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्याने केलं. मागे वळून बघितलं.

मागे सगळं पांढरं होतं. नांगराच्या पाठोपाठ बगळेच बगळे, काही चालणारे, काही उडून पुढे येऊन बसणारे, एकमेकांना ढकलणारे. इतके बगळे त्याने लहानपणानंतर पाहिलेच नव्हते. आधी त्याला आनंद झाला. जुनं कुणीतरी घरी आल्यासारखं वाटलं. मग प्रश्न पडला, बाकीच्या शेतांत हे का येत नाहीत? रोजच तर नांगरतो आपण. ते तिथे येत नाहीत हेसुद्धा त्याला आजच कळत होतं.

त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. गुडघे टेकून त्याने उलटलेली माती हातात घेतली. ती चाळणीतून घातल्यासारखी रवाळ होती, काळी, ओलसर, आणि तिच्यात बोटभर खोल गेलेली गोल भोकं होती, गांडुळांनी केलेली, मक्याची जुनी मुळं कुजून झालेली. सगळी भोकं फाळाने कापलेली. आणि गांडुळं. तासातासांत लवलव करणारी, अर्धी तुटलेली, बगळे मटामट उचलत होते ती. वडील म्हणायचे जमीन उघडली की श्वास घेते. ही तर आधीपासूनच श्वास घेत होती आणि तो तिला चिरत सुटला होता.

ओळंब्याने मग एक वेडेपणा केला. उलटलेली माती दोन्ही हातांनी परत तासात ढकलून वरून थापटू लागला. बराच वेळ थापटत होता. बगळे त्याच्याभोवती शांतपणे न्याहारी करत होते. शेवटी तो उठला, नांगर वर उचलला आणि ट्रॅक्टर घेऊन घरी गेला. चव्वेचाळीस तासं झाली होती. शेत बरोबर अर्धं झालं होतं.

"इतक्यात आलात?" बायकोने विचारलं. त्याने सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ताई आल्या की आधी तुम्हीच सांगा."

ताई यायच्या आत पाऊस आला. दुपारी आभाळ भरून आलं आणि संध्याकाळपर्यंत कोसळत राहिलं. ओळंबा छत्री घेऊन वरच्या बांधावर उभा होता. अर्ध्या शेतात ताटं, रानवाटाणा, तण सगळं भिजून चिंब झालं, पण पाणी कुठे दिसेना. ते खाली मुरत होतं. दुसऱ्या अर्ध्यात त्याची तासं भरली आणि वाहू लागली. वरपासून खालपर्यंत सरळ, कुठेही न अडखळता. पाण्याला आणखी काय हवं होतं? चव्वेचाळीस ओहोळ चहाच्या रंगाचे होऊन ओढ्यात उतरत होते. आपली रेघ किती सरळ आहे हे त्याला इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

दहाव्या दिवशी ताई आली. काळा चष्मा, डोळ्याखाली कापसाचा बोळा. मुलीने हात धरून आणलं होतं. तिला खुर्चीत बसवून मुलगी चहा ठेवायला आत गेली. ओळंब्याने सांगायला तोंड उघडलं आणि कुंड्यांविषयी बोलू लागला. अमुक कुंडीला कळी आली आहे, तमुक जरा कोमेजली होती. ताई ऐकत होती. मग उठली.

"चल, शेतात जाऊन येऊ."

"डॉक्टर नको म्हणाले असतील."

"डॉक्टरांनी वाकू नको म्हटलंय. चालू नको नाही म्हटलेलं."

बांधावर तिने चपला काढल्या. ती नेहमी अनवाणीच शेतात उतरायची. त्याच्या कोपराला धरून ती हळूहळू चालू लागली. पायाखाली ताटं कुरकुरत होती, ओला पाला दबत होता. तिचा चेहरा घरी आल्यासारखा झाला होता. तो पावलं मोजत होता. आणखी दहा. आणखी चार. मग तिचा पाय पुढे पडला, तो पावसाने धोपटून वाळलेल्या कडक पापुद्र्यावर. ती थांबली. पाय मागे घेतला. पुन्हा पुढे ठेवला. पायाच्या बोटांनी तासाची कड चाचपली.

त्याने डोळे मिटून घेतले.

"किती घेतलीस?"

"चव्वेचाळीस."

"सरळ आहेत?"

"हो."

ती पुढच्या तासावर पाय ठेवून उभी राहिली.

"मग थांबलास का?"

"बगळे आले गं," तो म्हणाला. "बाबांच्या मागे यायचे तेवढे. मी मागे वळून बघितलं."

ताईच्या हनुवटीला कंप सुटला. तिने मान वर करून आभाळाकडे धरली, पापण्या घट्ट आवळल्या. "डॉक्टरांनी रडायला बंदी केली आहे महिनाभर," ती म्हणाली, "नाहीतर आज तुझी धडगत नव्हती." तीन वर्षं तिने काठीने एकेक दाणा लावला होता, लोकांचं हसू कानाआड केलं होतं, दुखऱ्या गुडघ्यांनी विळा चालवला होता. त्यातलं अर्धं एका सकाळीत गेलं होतं. त्याला वाटलं, तिने एक थोबाडीत मारावी, म्हणजे सुटलो. तिने मारली नाही.

"हे अर्धं आता तुझं," ती म्हणाली. "नांगराशिवाय सांभाळ. मी सांगणार नाही, मदत करणार नाही. बघ किती दिवस लागतात वीण घालायला."

ओळंब्याने ते अंगावर घेतलं. पहिलं वर्ष त्याने दुरून गवत, पेंढा, पाचोळा वाहून आणून त्या उघड्या अर्ध्यावर पसरण्यात घालवलं. उतारावर आडव्या ओळींत रानवाटाणा पेरला; ती त्याच्या आयुष्यातली पहिली आडवी रेघ. तणाने त्याला रडवलं. उपटलं की माती उसवते, म्हणून फुलं यायच्या आत कापायचं, दर पंधरा दिवसांनी, गुडघ्यांवर रांगत. मका ताईच्या बाजूला डोक्यावर गेला तेव्हा याचा कमरेपर्यंत. चहाच्या दुकानात आता दोघा भावंडांवर बोललं जायचं. "पी हळद आणि हो गोरी, असं जमिनीचं नसतं," तो गवंड्याला सांगायचा आणि मनात चडफडायचा, की मग किती, किती वर्षं?

दुसऱ्या वर्षी तो लोहाराकडे जाऊन बसू लागला. दोघांनी मिळून एक अवजार केलं. पुढे पेंढा कापणारी धारदार तबकडी, तिच्यामागे बोटाएवढी चीर पाडणारी पात, त्या चिरेत बी सोडणारी नळी आणि शेवटी वरून दाबत जाणारं छोटं चाक. पहिल्यांदा तबकडीने पेंढा कापायच्या ऐवजी बियांसकट चिरेत कोंबला आणि शेतात नुसता पेंढाच उगवणार अशी वेळ आली. लोहार हसून हसून लोळला. चौथ्यांदा जमलं. ते चालवताना मागे सतत वळून बघावं लागायचं, चीर नीट मिटते की नाही ते. त्याच्या ओळी किंचित वाकड्या पडू लागल्या आणि हळूहळू त्याला त्याचं वाईट वाटेनासं झालं.

लोक एकदम बदलत नाहीत. पण एका वर्षी पावसाने फार दिवस तोंड लपवलं, सगळ्यांची पिकं माना टाकू लागली आणि ताईच्या शेतात आच्छादनाखाली हात घातला तर माती ओली लागत होती. मग एक शेजारी आडून आडून विचारायला आला. नंतर दुसरा. ओळंबा त्यांच्याकडे ते नवं अवजार घेऊन जायचा. एकाच फेरीत पेरणी व्हायची. पूर्वी नांगरट, ढेकळं फोडणं, पेरणी असं करत चार वेळा त्याच शेतात ट्रॅक्टर फिरायचा, डिझेल पिऊन जायचा. "दोन-तीन वर्षं पीक कमी येईल," तो प्रत्येकाला आधीच बजावायचा. "तण येईल, उंदीर येतील, लोक हसतील. हसणं माझ्याकडे पाठवा, मला सवय आहे." तरी काही जणांना नांगरटच हवी असायची; त्यांना तो दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडे पाठवायचा. नांगर शेडमध्ये गंजत पडला. झोपेत क्लच दाबणंही थांबलं. "आता झोप लागते छान," बायको म्हणायची, "पण अधूनमधून चुकल्याचुकल्यासारखं होतं."

सात वर्षं गेली. ताईच्या दुसऱ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता सुई पहिल्या फटक्यात ओवायची ती. एका धुक्याच्या सकाळी ती त्याच्या दारात उभी राहिली.

"चल शेतात. आणि आज तूही चपला काढ."

वरच्या बांधावर दोघांनी चपला काढल्या. मका नुकताच काढून झाला होता, ताटं आडवी पडली होती. ताईने पदर डोळ्यांवरून बांधून घेतला.

"मी चालते. तुझ्या अर्ध्यात पाय पडला की मी थांबेन. तू बोलायचं नाही."

ती निघाली. तो तिच्यामागून चालला. पायाखाली पाला दबत होता, गार, ओलसर. वरचे दोन दगड त्याच्या डाव्या हाताला होते आणि धुक्यात खाली ते वाकडं झाड. रेघ नेमकी कुठे होती हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आता पंधरा पावलं. आता पाच. ताईने रेघ ओलांडली. तिचा पाय अडखळला नाही. ती चालतच राहिली, एकेक पाऊल टाकत, बोटांनी चाचपत, पार पलीकडच्या बांधाला तिचा गुडघा लागेपर्यंत.

तिने पदर सोडला. मागे बघितलं, मग त्याच्याकडे.

"अरे, तुझं अर्धं कुठे गेलं?"

त्याला बोट दाखवता आलं असतं. तो तिथेच ओल्या पाल्यात खाली बसला, दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले आणि हमसून हमसून रडू लागला. त्याला काही डॉक्टरांनी बंदी केलेली नव्हती.